ओर्वाबाईंचे उत्तर

“नाही,” ओर्वाबाई म्हणाल्या. डेल्फाचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या लहानशा दवाखान्यात डेल्फा नर्स होती. रक्तदाब मोजावा तितक्या सहजपणे ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, घरातलं खाणं संपेल आणि आणायला पैसे नसतील, अशी धास्ती वर्षभरात कधी वाटली का? कोणी हसे, कोणी चिडे. आज मात्र समोर तिच्या शाळेतल्या बाई होत्या. अख्ख्या खोऱ्याला लिहाय-वाचायला शिकवलेल्या. काल चर्चमध्ये गाता गाता त्या कोसळल्या होत्या. रक्तातली साखर एकदम उतरली होती.

“इन्सुलिन चुकून दोनदा तर नाही ना टोचलंत?”

“म्हातारी झालेय, खुळी नाही.”

“आणि नंतर जेवलात?”

“तू नर्स आहेस की पोलीस?”

डेल्फाने दार लोटले आणि स्टूल ओढून ती त्यांच्या गुडघ्याशी बसली.

“बाई, कोळशाची खाण बंद पडली त्या हिवाळ्यात आमच्याकडे नुसते उकडलेले बटाटे असायचे. शाळेत मला कोणी विचारलं असतं ना, तर मीही ‘नाही’च म्हटलं असतं. मान ताठ ठेवून.”

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“माझा लेस्टर परत आलाय, बायकापोरांसकट. काम गेलं त्याचं. पोरं वाढत्या अंगाची. त्यांची पोटं भरली की मी मक्याचा पाव ताकात कुस्करून खाते. उरला तर.”

“आणि इन्सुलिन?”

“ते अगदी वेळेवर. डॉक्टरांचा शब्द मी मोडत नाही.”

“रिकाम्या पोटी टोचलंत, म्हणूनच साखर उतरली, बाई.”

 बाई म्हणाल्या, “विचार पुन्हा. नीट, पूर्ण वाक्यात.”

तिने विचारले.

“हो,” बाई म्हणाल्या. खणखणीत.

डॉक्टरांनी डोस तिथल्या तिथे कमी केला. सरकारी धान्यमदतीसाठी लेस्टरला उद्याच पाठवायचे ठरले. गरजूंसाठी खाणे साठवलेल्या मागच्या कोठीतून डेल्फाने घेवड्याचे दाणे, मक्याचे पीठ, अंडी, डबाबंद मासे असे दोन पिशव्या भरून आणले.

“मागच्या दाराने चला. कोणी बघणार नाही.”

“का? चोरी केलीय मी?”

बाहेरची खोली गच्च भरली होती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाई सगळ्यांच्या मधूनच निघाल्या, तशी निम्मी माणसे सवयीने उठून उभी राहिली.

“बसा,” बाई म्हणाल्या. “आत ही पोरगी काही विचारेल. खरं सांगा.”

कोणीतरी दार उघडायला धावला. बाईंनी दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि दार स्वतःच उघडले.