काचेवरची धूळ

"मूळ फाइलला हात लावायचा नाही, बाई. आधी प्रत काढायची, मग त्या प्रतीचं काय वाट्टेल ते कर."

चष्मेवाले काका हे दिवसातून चारदा तरी म्हणत. आमच्या स्टुडिओतले ते सगळ्यात जुने कारागीर. डागाळलेले, दुमडलेले, रंग उडालेले फोटो संगणकावर नीट करायचं काम मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून शिकले. फोटो बोटभर असला तरी स्कॅन करताना स्कॅनरची काच पूर्ण घ्यायची, कापाकापी नंतर. आलेली फाइल 'मूळ' नावाच्या फोल्डरात टाकायची आणि ती आपली नाहीच असं समजायचं. मी नेमाची बाई, एकदा धरलेलं मला सोडवत नाही. काकांनी हे ओळखलं असावं, कारण काम सोडताना त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि नवा मोठा संगणक माझ्या दिरांना.

भाऊजी काउंटर सांभाळतात. फाइलींना नावं ठेवायची त्यांची रीत निराळी: 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल', 'हीच घ्या बाकीच्या नको'. मी तारीख आणि गिऱ्हाइकाचा धंदा लिहिते. त्यावरून ते मला हसतात, आणि फाइल हरवली की माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात.

सकाळी कामाला बसल्यावर पहिला तास मी बोलत नाही. मनात जप चालतो, हात माउसवर असतो. एकदा अशाच त्या तासात एक बाई आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, म्हणजे शिवणकाम करणाऱ्या, आणि काम टाकून आलेल्या. त्यांनी कापडात गुंडाळलेली एक मोठी फ्रेम काउंटरवर उभी केली. भाऊजींनी त्यांना समजावलं की वहिनी आत्ता बोलणार नाहीत, पण ऐकू सगळं येतं, तेव्हा बिनधास्त सांगा.

फ्रेममध्ये दोन मुली होत्या. दहा-अकरा वर्षांच्या, जुळ्या, एकसारखे फ्रॉक, एका बाकावर शेजारी शेजारी. एकीच्या मागे खिडकी, दुसरीच्या मागे अर्धं उघडं दार. बघताक्षणी ओळखलं, काम माझंच. नऊ वर्षांपूर्वी ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या एका बाईंनी तळहाताएवढा फोटो आणून तो मोठा करून घेतला होता.

त्या ग्रंथालयातल्या बाई म्हणजे यांची मावशी. टेलरबाई थांबत थांबत सांगत गेल्या. फोटोतल्या दोघींपैकी एक मावशी, एक आई. आई यांच्या जन्माच्या वेळीच गेली आणि मावशीनं वाढवलं. यातली आई कोणती, असं विचारलं की मावशी म्हणायची, दोघीही तुझ्याच, निवडून काय करणार आहेस? आईचा दुसरा फोटो घरात नव्हता. तेव्हा यांनी लहानपणीच आपल्या मनानं ठरवून टाकलं, खिडकीकडची ती आई. आधी छोट्या फोटोत, मग या मोठ्यात, रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी खिडकीकडचीला बघायचं आणि मगच सुईत दोरा घालायचा.

गेल्या महिन्यात मावशी गेली. तेव्हा भेटायला आलेली तिची मामेबहीण बोलता बोलता म्हणाली, अगं, तुझ्या आईच्या कानापुढे तीळ होता की, शाळेतल्या बाईसुद्धा त्याच्यावरूनच दोघींना ओळखायच्या. टेलरबाईंनी घरी जाऊन फ्रेम उतरवली, उजेडात नेली. दोन्ही चेहरे धुतल्यासारखे स्वच्छ. छोटा फोटो बघावा, तर तो ओल लागून फ्रेमच्या काचेला चिकटलेला. सोडवायला गेल्या आणि चेहरे काचेवरच राहिले.

"मावशीचा फोटो भिंतीवर लावलाय," त्या म्हणाल्या. "शेजारी आईचा लावायचाय, एकटीचा. पण कुठली कापून वेगळी करायला सांगू तुम्हाला, तेच मला माहीत नाही."

माझा जप तुटला. नऊ वर्षांपूर्वी ते चेहरे मीच धुतले होते. धूळ, बुरशी, माश्यांचे ठिपके, दिसेल ते टिपत गेले होते आणि झाल्यावर खूशही झाले होते. मी कागद ओढून लिहिलं: तीळ बहुतेक मीच पुसला. शोधते. भाऊजींनी तो वाचला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला आणि टेलरबाईंना म्हणाले, "वहिनी म्हणतात, बघू."

निघताना त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, जे निघेल ते फोनवर सांगू नका, इथं लोकांसमोरही नको. घरी येऊन दाखवाल का, आणि काहीच नाही निघालं तरी याल का? मी मान हलवली. त्या गेल्यावर भाऊजी म्हणाले, तुम्ही कुठं शब्द दिलात, नुसती मान तर हलवलीत. ज्या तासात मी बोलत नाही त्या तासातली मान हाच माझा शब्द असतो, हे त्यांना काय सांगणार. आणि तेव्हा बोलताही येत नव्हतं.

दुपारी कपाटातली जुन्या डिस्कची खोकी खाली काढली. नऊ वर्षांपूर्वीचं खोकं, मग महिना, मग तारीख. 'ग्रंथालय, दोन मुली.' डिस्क दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा उघडली. मूळ स्कॅन तसाच होता, पूर्ण काचेचा, फोटो एका कोपऱ्यात आणि भोवती रिकामी पांढरी जागा. शेजारी माझी कामाची फाइलही होती. सफाई मी मूळ चित्रावर केलेली नव्हती, वर एक वेगळा थर चढवून त्या थरावर केलेली होती. तो थर बंद केला.

चेहरे ठिपक्यांनी भरून गेले. मोजले तर दोघींच्या गालांवर, कपाळांवर मिळून सव्वीस. भाऊजी मागून वाकून बघत होते. म्हणाले, एक तीळ शोधायला निघालात आणि अर्धा किलो सापडले.

हसू आलं, पण आता खरं कुतूहलही जागं झालं होतं. सव्वीसांतला एक ठिपका जन्मापासूनचा. बाकीचे कुठून कुठून येऊन बसलेले. त्यांना त्यांच्या घरी कसं पाठवायचं?

आधी नुसतं मोठं करून बघितलं. फार मोठं केलं की चौकटी दिसतात, चेहरा दिसत नाही. चेहरा दिसेल इतपत लहान केलं की सगळे ठिपके सारखेच. असा बराच वेळ गेला. मग पूर्ण काचेची आठवण झाली. फोटो बदलतो, काच तीच राहते. काचेवर धूळ असेल तर त्या दिवशी त्या काचेवर जे जे ठेवलं त्या सगळ्यावर ती त्याच जागी उमटली असणार.

त्याच तारखेला आणखी काय स्कॅन केलं होतं ते बघितलं. एका पोहणाऱ्या मुलीचं प्रमाणपत्र निघालं, बरंचसं कोरं, त्यावरची धूळ साखरेतल्या मुंगीसारखी उठून दिसत होती. ते आपल्या फोटोवर थर म्हणून ठेवलं, कोपऱ्याला कोपरा जुळवला, निम्मं पारदर्शक केलं. प्रमाणपत्रावरच्या प्रत्येक ठिपक्याभोवती तिसऱ्या, रिकाम्या थरावर लाल वर्तुळ काढलं आणि मग प्रमाणपत्र झाकलं. खालचे चौदा ठिपके लाल वर्तुळांत बरोबर अडकले होते. काही कण कागद उचलताना सरकले असतील, म्हणून त्या दिवसाचे आणखी दोन स्कॅन तसेच लावून बघितले. आणखी सात गेले.

उरले पाच. तीन तर घडीच्या रेघेवर ओळीनं बसलेले, म्हणजे कागद तुटल्याचे. चौथा खिडकीकडचीच्या कपाळावर. त्याची कड कापल्यासारखी, भोवती बारीक पांढरी किनार. ते फोटोवर मागाहून बसलेलं काहीतरी. पाचवा दुसऱ्या मुलीच्या कानापुढे होता. त्याला कड नव्हती. गालावर छपाईचा जो बारीक रवा होता तोच त्या ठिपक्यातून पुढे गेला होता, आणि दाराकडून येणारा उजेड त्याच्या एका अंगाला किंचित जास्त होता.

मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा बघितलं. तो तिथंच होता. दाराकडची.

म्हणजे टेलरबाई इतकी वर्षं रोज सकाळी जिच्याकडे बघत होत्या, ती मावशी.

भाऊजी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, असे ते सहसा बसत नाहीत. हळूच म्हणाले, "वहिनी, एक मिनिटाचं काम आहे. तीळ इकडून उचला आणि तिकडे ठेवा. जिला आई मानलं तीच आई राहील. कुणाचं काय बिघडणार?"

खोटं कशाला सांगू, करून बघितलं. प्रत काढली, तीळ उचलला आणि खिडकीकडचीच्या कानापुढे ठेवला, कड मऊ केली, उजेडाची बाजू फिरवली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. इतका चपखल बसला, की मला स्वतःला दोन क्षण वाटलं, हाच खरा असेल. माझ्या हाताचीच मला भीती वाटली. सगळी कला हीच शिकले होते, डाग पुसायची आणि पुसल्याचं कळू न द्यायची.

"सोपं आहे हो," मी म्हणाले. "पण मग शेजारी लावायला त्यांना कोण मिळेल? दोन्हीकडे मावशीच."

भाऊजींनी मान खाली घातली. मग म्हणाले की बाईंना निदान तीळ तुम्ही पुसला होता हे तरी सांगू नका, स्टुडिओचं नाव जातं. मी ती प्रत काढून टाकली, कचऱ्यातूनही काढली.

मग मूळ स्कॅनवरून नव्यानं काम केलं. या वेळी धूळ एकेक करून, लाल वर्तुळं बघून, हळू. दाराकडचीच्या गालाशी आल्यावर हात मांडीवर ठेवला. तिचा एकटीचा फोटो छापला, मावशीच्या फोटोच्या मापाचा. दुसरा छापला तो दोघींचा, ठिपके आणि वर्तुळं तशीच ठेवून, म्हणजे मी कुठून कुठं आले ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल. विश्वास ठेवा म्हणायचा मला आता काय हक्क?

भाऊजींनी लिफाफा शोधून दिला. मोठा नव्हता, म्हणून दोन जोडून चिकटवले. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या गल्लीत, बंद पडलेल्या छत्रीच्या दुकानावरचा मजला, असा पत्ता होता. मी चपला घातल्या. सांगायच्या गोष्टी दोन होत्या, आई कुठली ते आणि तीळ कुणी पुसला ते, आणि आधी कुठली सांगायची ते अजून ठरत नव्हतं. लिफाफा दुमडू नये म्हणून दोन्ही हातांत आडवा धरला आणि निघाले.