केबल काढलेली येझदी

मी एक जुनी येझदी आहे. मांडवगण फराट्यात काही लोक म्हणतात, की या गाडीनं एका चांगल्या माणसाला म्हातारपणी नादी लावलं. मित्रांनो, हे खोटं आहे. कुणी कुणाला नादी लावलं ते मी सांगते. मग तुमचं तुम्ही ठरवा.

माझ्या जन्माविषयी सांगण्यासारखं फार नाही. कारखान्यात पत्रा, रबर आणि तारा एकत्र आल्या आणि मी झाले. रंग गडद लाल, दोन्ही अंगांना एकेक सायलेन्सर. एवढी एक गोष्ट मात्र नीट ऐका. माझ्या डाव्या बाजूला एकच दांडा आहे. तो आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते आणि पुन्हा जागेवर आणला की तोच गियर. शिवाय गियर टाकताना त्या दांड्यावर पाय पडला की क्लचही आतल्या आत दाबला जातो. हाताचा क्लच मला आहे, पण तो नसला तरी माझं अडत नाही. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते.

इलाहीभाईंनी मला घेतलं ते चौऱ्याऐंशी साली. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्या उघडायच्या, जळकी तार काढायची आणि तांब्याची नवी तार वेढा वेढा मोजून भरायची, हा त्यांचा धंदा. मोटार जळाली की पीक वाळायला वेळ लागत नाही, त्यामुळे आम्हाला कायम घाई असे. मागच्या सीटवर सायकलच्या ट्यूबने बांधलेली मणाची मोटार, अंगावर धूळ, मागे निळा धूर. वाटेत बायाबापड्या म्हणत, "इलाहीभाई आले, आता पाणी चालू व्हतंय बघा." मित्रांनो, माझं कौतुक असं कधी कुणी केलं नाही. पण त्या वाक्यात मी होते.

एकदा वडगाव रासाईहून परतताना माझी क्लचची केबल तुटली. चूक त्यांची होती. दुसऱ्यांच्या मोटारी जपताना त्यांनी वर्षभर तिला तेलाचा थेंब दिला नव्हता. मागे त्यांची मुलगी इशरत बसली होती, तेव्हा बारा वर्षांची. तिला वाटलं, आता ढकलत जायचं. पण त्यांनी दांड्यावर पाय अडवून धरला, मग हळूहळू सोडला आणि मी चालू लागले. घरापर्यंत हँडलच्या क्लचला हातही लागला नाही. दारात उतरल्यावर ते म्हणाले, "इशू, हे कुणाला सांगू नको. गाडीचं एखादं गुपित घरात राहिलेलं बरं असतं." तिनं मान हलवली आणि ती शब्दाला जागली.

पुढे त्यांचे केस पांढरे झाले आणि माझा रंग उडाला. आमच्या बाजूला गुरुवारी दिवसा वीज नसे. वीज नाही तर भरलेली मोटार चालवून बघता येत नाही, म्हणून दुकान बंद. त्या रिकाम्या गुरुवारांतून एक रीत पडली. सकाळी नऊला नदीच्या पुलाशी तीन म्हातारे आणि तीन गाड्या जमायच्या. वडगाव रासाईचे आण्णा राजदूत घेऊन येत. त्यांचे वडील मेंढरांमागे कोकणापर्यंत चालत जायचे. आण्णा शेतीत स्थिर झाले, पण त्यांचे पाय काही स्थिर झाले नव्हते. दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले पोपटराव बुलेटवर येत. चहा झाला की तिन्ही गाड्यांना पाळीपाळीनं किक. जी पहिल्या किकला सुरू होईल तिच्या मालकानं त्या दिवसाची वाट ठरवायची आणि बाकीच्यांनी मुकाट मागे यायचं.

पोपटरावांचे गुडघे गेले होते. त्यांची किक आण्णा मारत आणि बुलेट उठली नाही की बोलणी खात.

"आण्णा, किक मारताय का गोंजारताय तिला?"

"तुमची म्हस बसल्याली उठंना, त्याला मी काय करू?"

"त्या जिलबीनं ताकद गेलीय तुमची."

"गप बसा. साखर माझ्या रक्तात हाय, तुमच्या पोटात का दुखतंय?"

इलाहीभाई मधे पडत नसत. ते माझ्या टाकीवरून फडकं फिरवत राहत, आणि पुष्कळदा वाट आम्हीच ठरवत असू. वाटा काही मोठ्या नव्हत्या. कधी कुणाच्या मळ्यात पेरू खायचे, कधी नदीकाठी शेंगा भाजायच्या. एका हिवाळ्यात आम्ही दौंडच्या पुढे धरणाच्या पाण्यावर उतरलेले गुलाबी पक्षी बघायला गेलो. एरवी सतत एकमेकांना टोचणारे ते तिघे तासभर गप्प बसले होते. माझ्या उजव्या डब्यात, जिथे पाने आणि जादा प्लग असतो, तिथे इलाहीभाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या असत. घरी त्या घ्यायला ते विसरायचे, गुरुवारी कधी विसरले नाहीत.

दोन हजार तीन साली ते न्हाणीत घसरले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण बोटं पुरती मिटेनात. तार भरायचं काम सुटलं. डॉक्टरांनी सांगितलं, "तब्येत ठीक आहे, फिरत राहा. पण या हातानं क्लच दाबला जाणार नाही, तेव्हा गाडी नको."

त्यांचा मुलगा शाकीर कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत कामाला होता. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्याच्या बरोबरीच्या एकाचे वडील हायवेवर ट्रकखाली गेले होते आणि ते त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एका संध्याकाळी तो पाना घेऊन माझ्याजवळ बसला. त्यानं माझी क्लचची केबल सोडवली, गुंडाळली आणि आपल्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. आता गाडी जागची हलणार नाही, याची त्याला खात्री होती. त्याची स्वतःची नवी गाडी तशी हलली नसती. इशरत तेव्हा दौंडच्या एका हायस्कुलात ग्रंथपाल होती आणि सुट्टीला घरी आली होती. ती दारातून सगळं बघत होती. तिला बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

मग सहा गुरुवार गेले. इलाहीभाई अंगणात बाजेवर बसून राहत. जेवण उतरलं, ब्लडप्रेशर मात्र चढलं. त्यांची बायको सरदारबी ताट पुढे करी आणि तसंच आत नेई. एकदा आण्णा राजदूत घेऊन दारात आले.

"इलाहीभाई, बसा माझ्या मागं. फिरवून आणतो."

"मागं बांधून न्यायला मी काय जळकी मोटार हाय का?"

आण्णा हसले नाहीत. गाडी फिरवून परत गेले.

सातव्या गुरुवारी शाकीर घरी होता. इलाहीभाई बाजेवरून उठले. त्यांनी माझ्यावरचं पोतं काढलं, फडकं मारलं, पेट्रोल सोडलं.

"अब्बा, क्लचची केबल न्हाई तिला. मी काढलीय."

"दिसतंय मला."

"मग कशाला उगाच त्रास करून घेताय?"

त्यांनी दांडा आत दाबला, वर फिरवला आणि किक मारली. मी तीन महिने उभी होते, घसा बसला होता. दुसरीलाही नुसती खोकले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. तिसऱ्या किकला मी अशी गरजले की शेजारच्यांच्या कोंबड्या उडाल्या.

"शाकीर, बस मागं."

"जाणार कशी ती?"

"तू बस तर."

तो बसला. इलाहीभाईंनी दांड्यावर पाय अडवून धरला, मग तारेचा वेढा द्यावा तितक्या सावकाश सोडला. मी निघाले. झटका नाही, गचका नाही. दारात, पुन्हा सुट्टीला आलेली इशरत आईला चिकटून उभी होती. "इशू, तुला ठावं व्हतं?" सरदारबीनं विचारलं. इशरतनं पदर दातात धरला होता, हसू लपवायला की रडू, ते मला कळलं नाही.

शाकीरनं परीक्षा सोडली नाही. "इथं थांबवा," तो म्हणाला. थांबलो. "आता चढावर थांबवा." चढावरही थांबलो आणि मागे न घसरता निघालो. समोर म्हशी आल्या, उसाचा ट्रॅक्टर आला. उजव्या हाताचा ब्रेक, उजव्या पायाचा ब्रेक, डाव्या पायाचा गियर. डाव्या हाताला हँडल धरण्याखेरीज काम नव्हतं आणि तेवढं त्याला जमत होतं. पुलाशी आण्णा आणि पोपटराव उभे होते. आम्हाला बघून पोपटराव काठी उंच करून ओरडले, "आलं गा आलं, धुराडं आलं!"

घरी आल्यावर शाकीर आत गेला आणि पिशवीतून केबल घेऊन आला. "द्या, बसवतो."

"राहू दे तुझ्याकडं," इलाहीभाई म्हणाले. "काळजी वाटली की काढून बघत जा."

थोड्या वेळानं शाकीर म्हणाला, "हायवेला जायचं न्हाई. अंधार पडायच्या आत घरी. आन् हेल्मेट घालायचं." पहिल्या दोन अटी त्यांनी लगेच मान्य केल्या. हेल्मेटातून ते आठवडाभर वांगी आणत होते. मग इशरतनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे, ते डोक्यावर चढलं.

पुढची तीन वर्षं मी केबलशिवाय धावले. एकदाही पडले नाही आणि त्यांनाही पाडलं नाही. हे मी पुन्हा सांगते, कारण लोक ते विसरतात. दोन हजार सहाच्या डिसेंबरात, पहाटेची नमाज पढून ते पुन्हा अंथरुणावर आडवे झाले आणि झोपेतच गेले. हृदय थांबलं. मी त्या वेळी अंगणात थंड उभी होते. तरी मातीला आलेल्यांत कुणी तरी बोललंच, "ह्या वयात गाडी मारायची, दुसरं काय व्हनार?" मला बोलता येत नाही म्हणून मी गप्प राहिले. आज बोलते. मी त्यांची तीन वर्षं खाल्ली नाहीत. ती तीन वर्षं जगायची होती म्हणून त्यांनी मला बाजूला उभं राहू दिलं नाही.

चाळीस दिवस माझ्यावर स्वच्छ धुतलेली चादर होती. सगळे म्हणाले, आठवण म्हणून जपून ठेवू. चादरीखाली टायरची हवा उतरत जाते, पेट्रोल चिकट होतं, उंदीर सीट कुरतडतात. त्याला जपणं म्हणतात.

मग एका गुरुवारी इशरत आली. तिनं चादर काढून घडी केली आणि सरदारबीच्या हातात दिली. हवा भरली, प्लग घासला, जुनं पेट्रोल काढून ऑइल घातलेलं नवं भरलं. उजव्या डब्यात गोळ्यांची अर्धी पट्टी होती. ती तिनं हातात घेतली, बघितली आणि होती तिथेच ठेवली. शाकीर केबल घेऊन पुढे आला.

"आपा, थांब. बसवून देतो. तुला लागंल."

"नको."

"पडशील."

"पडले तर उचल," ती म्हणाली आणि तिनं वडिलांचं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

पुलाशी दोनच म्हातारे होते. चहा गार झाला होता. आण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बराच वेळ ते नाक पुसत राहिले.

"कितव्या किकला सुरू झाली?" त्यांनी विचारलं.

"चौथ्या."

"मंग आज वाट मी ठरवनार," आण्णा म्हणाले. "चला. पक्षी आल्यात पान्यावर."

मित्रांनो, माझी एकच मागणी आहे. मला पुसू नका, हार घालू नका, चादर तर अजिबात नको. आठवड्यातून एकदा मला रस्त्यावर न्या. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस दाराशी उभं राहून बाहेर बघत असेल, तर त्याला हेल्मेट द्या, अटी घाला, हवं तर मागे बसून परीक्षा घ्या. पण त्याची केबल काढून पिशवीत ठेवू नका. ते तरीही जाईल. फक्त जाताना तुम्ही त्याच्यासोबत नसाल.