जाळीवरचं कुंकू

"आधी खुरप्याला लाव, कमळे. मंग तुझ्या कपाळाला."

कुंकवात बोट बुडालं की कमळाबाईंना आईचा हा आवाज अजून ऐकू येई. चांदवडकडच्या रानात कांद्याच्या वाफ्याकडेला उकिडवी बसलेली आई, गुडघ्यावर आडवं धरलेलं खुरपं आणि पात्यावर अंगठ्यानं ओढलेली तांबडी रेघ. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. रानही राहिलं नव्हतं. आवाज तेवढा जागच्या जागी होता.

आजही देवपूजा उरकून, चिमूट तशीच धरून त्या पुढच्या खोलीत आल्या आणि सुनेच्या टेबलापाशी वाकल्या. टेबलाखाली लाकडी पाटावर कम्प्युटरचा काळा डबा ठेवलेला होता, त्याच्यावर त्यांनीच विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमालाचं टोक उचलून त्यांनी डब्याच्या वरच्या जाळीवर हळद ठेवली, कुंकू ठेवलं, चार अक्षता ठेवल्या. कालचं काही उरलं नव्हतं. रोजच उरत नसे. पहिल्या पहिल्यांदा त्यांना नवल वाटलं होतं. मग त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, पोचतं.

"आई, तिथं पुसायचं राहू द्या. कम्प्युटरवाली येईलच आता," हर्षाली आतून म्हणाली.

कमळाबाईंनी रुमाल खाली सोडला आणि पदराच्या टोकानं टेबल पुसल्यासारखं केलं.

हर्षाली या घरात आली ती हा डबा बरोबर घेऊनच. सहा वर्षं झाली. ती द्राक्षांच्या खोक्यांवरची चित्रं काढून द्यायची. दिंडोरी, पिंपळगावकडचे बागाईतदार फोनवर सांगायचे, आणि मखमलाबाद रस्त्यावरच्या या दुसऱ्या मजल्यावर बसून ही पोरगी त्यांच्या वेलीला पानं फोडायची, घडात मणी भरायची, मण्यावर उन्हाचा एक ठिपका ठेवायची. गेलं वर्षभर मात्र डबा थकला होता. फाइल उघडायला लावून हर्षाली कणीक मळून यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. अलीकडे तर अर्ध्या पानावर सगळंच काळं व्हायचं. दोन बागाईतदार वाट पाहून दुसरीकडे गेले. शेवटी परवा तिनं गाड्यांच्या एका शोरूमला होकार कळवला होता. सोमवारपासून तिथं बसून फोन घ्यायचे.

"सारखं उंदराला गोंजारत बसायचं, मग मशीन थकणार नाही तर काय होणार?" तिचे सासरे रंगनाथराव पेपराआडून म्हणाले. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक यंत्राचं निदान तेच करायचे. "मी आपल्या पोराला, महेशला, तेव्हाच म्हटलं होतं, सूनबाईंचा छंद आहे, असू दे. पण छंदाला मर्यादा हवी."

हर्षालीनं कपबशा विसळायला घेतल्या, आणि विसळलेल्या कपबशा पुन्हा विसळल्या.

कम्प्युटरवाली आली ती स्कूटरवरून, पाठीला सॅक आणि केस घट्ट बांधलेले. पल्लवी तिचं नाव. तिशीच्या आतबाहेरची असेल. तिनं चपला दारात जोडून ठेवल्या, हात धुवायला पाणी मागितलं, आणि खुर्चीत बसायच्या आधी टेबलाखाली वाकून डब्याला कान लावला. कमळाबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या. गाभण गाईच्या कुशीला कान लावावा, तशी ती पोर वाकली होती.

"चालू करा, ताई."

हर्षालीनं बटण दाबलं. पल्लवीनं डोळे मिटले. बराच वेळ डब्यातून घरघर येत राहिली.

"पंखा ओढतोय," ती म्हणाली. "पण आधी वरचं बघू."

मग तिची बोटं कळांवर चालू लागली. घाई नाही आणि थांबणंही नाही. कमळाबाईंना निवडणं आठवलं, सुपातले खडे बोटांनी बाजूला सारत जाणं. पल्लवी मध्येच थांबली आणि तिनं मान वळवली.

"काका, ही स्पीड वाढवणारी तीन तीन सॉफ्टवेअरं कुणी टाकलीत?"

पेपर जरा वर गेला. "एकानं फरक पडेना. म्हणून दुसरं टाकलं."

"आणि तिसरं?"

"ते... आपोआप आलं."

"हे तिघं सकाळी उठल्यापासून एकमेकांवर पहारा देतायत. ताईंच्या चित्राला आत यायला जागाच नाही." ती हसली नाही, पण तिच्या गालाला खळी पडली. "काढू का?"

"काढा की. मी कुठं म्हणतो राहू दे?"

हर्षालीनं ओठ दाबून हसू आवरलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच. पल्लवीनं ते तिघे पहारेकरी घालवले, चालू होताना सोबत जागे होणारे आणखी डझनभर कार्यक्रम झोपवले, चार चार वेळा साठवलेली तीच ती चित्रं हर्षालीला विचारून विचारून पुसली. मेमरीची एक नवी पट्टी सॅकमधून काढून बाजूला ठेवली. तरीही तिच्या कपाळावरची आठी गेली नाही.

"डबा फार तापतोय, ताई. आतला प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच सावकाश चालायला लागतो. त्यानंही भागलं नाही की बंदच पडतो. उघडावा लागेल."

तेवढ्यात हर्षालीचा फोन वाजला. दिंडोरीचे खंडेराव होते. त्यांना खोक्यांचं चित्र उद्या संध्याकाळपर्यंत छपाईला द्यायचं होतं. "हो दादा... नाही दादा, करते मी काहीतरी," म्हणत ती गॅलरीत गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

पल्लवीनं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, क्रोशाचा रुमाल घडी करून ठेवला, वायरी काढल्या आणि डबा आडवा केला. स्क्रू एका वाटीत ठेवले. बाजूचा पत्रा सरकला.

कमळाबाई दोन पावलं पुढे आल्या, आणि तिथंच थांबल्या.

आत, पंख्याच्या पात्यांवर, तांबडा-पिवळा थर चढला होता. धुळीत मुरून त्याचा जाड लेप झाला होता. पंख्याखालच्या पत्र्याच्या दातांमध्ये तांदूळ अडकले होते, काही पांढरे, काही कुंकवानं रंगून लाल. एका कोपऱ्यात झेंडूची वाळकी पाकळी होती, कुठल्या दसऱ्याची कोण जाणे.

पोचत होतं ते इथं.

कमळाबाईंनी खुर्चीची पाठ धरली. सहा वर्षांच्या सगळ्या सकाळी त्या पत्र्यावर अशा थरांनी साचल्या होत्या. सुनेचं पान अर्ध्यावर काळं व्हायचं, ती डोकं धरून बसायची, रात्रीच्या जेवणाला गप्प असायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिच्यासाठी आणखी एक चिमूट ठेवायच्या. जरा जास्तच.

पल्लवीनं त्या तांदळाकडे पाहिलं. मग घडी केलेल्या रुमालाकडे. मग कमळाबाईंच्या उजव्या अंगठ्याकडे, ज्याच्या नखात सकाळचं कुंकू अजून होतं. तिनं पुन्हा वर पाहिलं नाही.

"काय निघालं?" रंगनाथरावांनी विचारलं.

"धूळ, काका," पल्लवी म्हणाली. "पुष्कळ दिवसांची."

तिनं मऊ ब्रश घेतला आणि एकेक पातं झाडायला सुरुवात केली, बाळाच्या कानामागचं पुसावं तसं. पंखा फिरू नये म्हणून त्याला एका बोटानं अडवून धरलेलं. तांदळाचे दाणे तिनं चिमट्यानं एकेक वेचले आणि वर्तमानपत्रावर ठेवले. फेकला एकही नाही. पंखा काढून त्याच्याखाली प्रोसेसरवर असतो तो गारव्याचा जुना, सुकलेला लेप खरवडला, जागा पुसून लख्ख केली आणि बारीक नळीतून नवा लेप सोडला.

"एवढासाच?" कमळाबाईंच्या तोंडून गेलं.

"तांदळाच्या दाण्याएवढा, मावशी. याच्याहून जास्त झाला तर उपयोग नसतो."

कमळाबाई वळून स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवलं, आणि त्यात साखर घालायची विसरल्या.

देवघराच्या खणात, कुंकवाच्या करंड्याखाली, एक पुठ्ठ्याचा तुकडा होता. तीन वर्षांपूर्वी भाजीबाजारात त्यांना फळवाल्या फुलाबाईंच्या टोपल्यांमागे एक रिकामं खोकं दिसलं होतं. खोक्यावर वेल होती. वेलीवरचं एक वळलेलं पान त्यांनी हर्षालीच्या पडद्यावर वळताना पाहिलं होतं. आधी सरळ होतं, हर्षालीनं पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं, आणि मग ते असं वाऱ्यानं वळल्यागत वळलं होतं. "रिकामं खोकं कशाला गं तुला?" फुलाबाईंनी विचारलं. "डबे ठेवायला," कमळाबाईंनी सांगितलं होतं. घरी येऊन त्यांनी वेलीपुरता पुठ्ठा कापून घेतला. त्या दिवशी भाकरी थापताना त्यांच्या ओठांवर ओवी आली होती, आईच्या चालीची पण शब्द त्यांचे स्वतःचे:

काचेच्या पाटीवरी, सून माझी वेल लावी
बिनपाण्याची गं बाग, दारी माझ्या बहरावी

हर्षाली मागून आली, तेव्हा त्यांनी ती ओवी खोकल्यात बुडवली होती. सुनेच्या तोंडावर तिचं कौतुक करायची रीत त्यांच्या घराण्यात नव्हती. सासूनं त्यांचं कधी केलं नव्हतं, आईनंही भावजयीचं कधी केलेलं ऐकलं नव्हतं.

पल्लवी कप घ्यायला आत आली. तिच्या हातात वर्तमानपत्राची घट्ट पुडी होती.

"हे तुळशीत घाला, मावशी. कचऱ्यात नको."

कमळाबाईंनी पुडी घेतली. ती हाताला हलकी लागली, आणि तरी त्यांचा हात खाली आला.

"तू सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस?"

"माझी आई पेठच्या डोंगरातली. मी पहिला स्क्रूड्रायव्हर विकत आणला, तर तो तिनं नव्या भाताच्या लोंबीशेजारी ठेवला, आमच्या धान्याच्या देवीपुढे, कणसरीपुढे. म्हणाली, हेच आता तुझं शेत." पल्लवीनं बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता प्यायला. "बिघाड सांगायचं माझं काम आहे. हा बिघाड नाही. हे तुमचं तुम्ही सांगा, नाहीतर नका सांगू. फक्त जाळीवर काही ठेवू नका, आणि तो रुमालही नको. महिन्याकाठी एकदा बंद करून कोरड्या ब्रशनं झाडा. त्याला श्वास घेऊ दे."

बाहेर येऊन तिनं मेमरीची नवी पट्टी आत लावली, पत्रा बसवला, वाटीतले स्क्रू जागच्या जागी लावले, वायरी जोडल्या. "ताई, करा चालू."

हर्षाली गॅलरीतून आली. "आत धूळ निघाली पुष्कळ," रंगनाथरावांनी सांगितलं. तिनं बटण दाबलं. घरघर आली नाही. कान दिला तरच ऐकू यावा असा, माठातून पाणी झिरपावं तसा बारीक आवाज. तिनं खंडेरावांची फाइल उघडली आणि सवयीनं खुर्चीतून उठायला लागली, कणीक मळायला. वेल तोवर पडद्यावर आलेली होती. सगळी पानं, सगळे मणी, मण्यांवरचं ऊन. ती अर्धवट उठलेली तशीच राहिली.

"अरे वा," रंगनाथराव म्हणाले. पेपर मांडीवर आला होता. "काय हात आहे हो पोरीचा. आमच्या कारखान्यात असती तर फोरमन झाली असती."

हर्षालीनं पानावरून बाण फिरवला. चेहऱ्यावर आलेला उजेड हळूहळू विझत गेला.

"बरं झालं. दादांचं एवढं पुरं करून देते," ती म्हणाली. "सोमवारपासून शोरूम आहेच."

"अहो ताई, पण आता चाललंय की," पल्लवी म्हणाली.

"धूळ साठेपर्यंत मी लक्ष दिलं नाही. चूक माझीच आहे. अण्णा म्हणतात ते बरोबर असेल, छंद म्हणूनच करायला हवं होतं मी हे. घरात कुणाला ते काम वाटत नाही. मग मलाही वाटेनासं होतं कधी कधी."

"ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची. त्यात वाईट काय?" रंगनाथराव म्हणाले. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

पल्लवी खाली बसून सॅक भरत होती. वाटी रिकामी असतानाही ती वाटीत बोट फिरवत राहिली.

कमळाबाई देवघराशी गेल्या. खण उघडल्याचा आणि करंडा बाजूला सरकल्याचा आवाज आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पुडी होती, दुसऱ्यात पुठ्ठ्याचा तुकडा.

"धूळ नव्हती ती," त्या म्हणाल्या.

त्यांनी टेबलावर पुडी सोडली. हळदीत, कुंकवात लडबडलेले तांदूळ. वाळकी पाकळी.

"माझ्या हातचं आहे. सहा वर्षं, रोज सकाळी, तू कामाला बसायच्या आधी. तुझी काही चूक नाही. मशीन मी बिघडवलं."

रंगनाथराव हसायला लागले होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी हसू गिळलं आणि पेपराची घडी घालत बसले.

"पण का, आई?" हर्षालीनं विचारलं.

"माझी आई खुरप्याला लावायची. स्वतःच्या कपाळाच्या आधी."

हर्षाली पुठ्ठा हातात घेऊन बघत होती. कडा शिवणाच्या कात्रीनं कापलेल्या, वेलीच्या वळणावळणानं, एकही पान न तोडता. कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"फार सुंदर काढतेस तू. लय सुंदर," कमळाबाई म्हणाल्या. "तोंडानं म्हणायला कधी जमलं नाही गं. म्हणून तिथं ठेवत गेले."