सुरतेला गेलेले सात जण

जेलच्या भेटीच्या खिडकीला दुहेरी जाळी आहे. बोटं पलीकडे पोचत नाहीत.

मुलगी बघायला आलेल्या डोणगावच्या पाहुण्यांनी पोहे दोनदा मागून घेतले.

सुरतेत साड्यांच्या कारखान्यात बारा तासांची पाळी असते म्हणतात. गावातल्या कुणी ती पाहिलेली नाही.

खटला संपेपर्यंत आत असलेल्या माणसाला मत देता येत नाही. पण तेवढ्यावरून यादीतलं त्याचं नाव काढता येत नाही.

अंगणवाडीच्या सुवर्णाताईंनी सात नावांपुढे लिहिलं : कायमचे स्थलांतरित.

तर झालं असं. अमडापूरपासून थोडं आत असलेल्या त्या गावातले सात जण जेलात होते, खटला उभा राहायची वाट बघत. लाजेपायी सातही घरांनी एकच सांगितलं होतं, पोरगा सुरतेला गेला. सुवर्णाताई मतदारयादीच्या कामाला घरोघर फिरल्या, तेव्हा त्यांनाही तेच. त्यांनी ऐकलं तसं लिहिलं आणि सातही नावं कटायच्या यादीत गेली; हरकत घेतली नाही तर कायमची कटणार. उद्या जामीन झाला, अगदी निर्दोष सुटले, तरी मतदानाच्या दिवशी केंद्रावरून हात हलवत परत यायचं.

दीपमाला तालुक्याच्या विधी सेवा समितीची स्वयंसेविका. कुणाला वकील नाही, कुणाची तारीख चुकली, हे बघायला ती महिन्यातून दोनदा जेलात जायची. हरकतीचे सातही अर्ज तिनंच भरले. मग आठ दिवस दारोदार फिरून एकच विनवलं, सुनावणीला या आणि साहेबांपुढे खरं सांगा.

अर्जातला रकाना : सध्या कुठे आहे.
सातही अर्जांत तो कोरा.

सातवा अर्ज तिच्या भावाचा, प्रसेनजितचा होता. आईनं, सिंधूताईनं, बजावून ठेवलं होतं, "तुयं लगन जमून राह्यलं. डोनगाववाल्याईले मी पोरगा सुरतेले हाय म्हून सांगतलं. त्याईचा होकार येऊ दे, मंग बोल काय बोलायचं ते."

पण सुनावणीचा दिवस उजाडला, आणि तो शेवटचाच होता.

ग्रामपंचायतीत तहसीलचे साहेब बसले. अर्धं गाव गोळा झालं. पहिलं नाव भागवतचं. त्याची आई रुखमाबाई उठली.

"कुठं आहे मुलगा?"

"सुरतेले."

साहेबांनी पेन खाली ठेवला. मागून गावातले उत्तमराव म्हणाले, "साहेब, आमच्या गावातले सुरतेले इतके गेले, का तिथं आता आपलाच सरपंच निवडून येते!"

हशा पिकला. दीपमाला पुढं झाली. "मावशी, काल तर खरं सांगायले हाव म्हटलं तुम्ही."

"म्हटलं. पन तू सांग ना वं पयले. दुसऱ्याच्या पोराईचं उघडं करून राह्यली, तुया भाऊ कुठं हाय?"

दाराशी सिंधूताई उभी होती. तिनं मान हलवली, नको.

आठ दिवस लोकांच्या दारात उभं राहून आपण हे मागत होतो, दीपमालाच्या मनात आलं. चहा पीत मागत होतो.

"माया भाऊ प्रसेनजित," ती म्हणाली, "एकोनीस महिन्यांपासून जेलात हाय. चोरीचा आरोप हाय, खटला अजून उभा नाही राह्यला. सुरतेले तो कधी गेलाच नाही. त्याचं घर इथं हाय, साहेब. नाव इथंच राहू द्या."

साहेबांनी लिहून घेतलं. सही करताना दीपमालातला 'ला' रेघेबाहेर गेला.

रुखमाबाई अजून उभीच होती. "लिहा साहेब," ती म्हणाली. "भागवत. जेलात."

मग आणखी तीन घरची माणसं बोलली. दोन घरची माणसं न बोलताच उठून गेली. ती दोन नावं कटलीच.

घरी जाताना सिंधूताई पुढं, दीपमाला मागं. दारात आई थांबली.

"राह्यलं त्याचं नाव?"

"राह्यलं."

"आता डोनगावचा काही फोन येत नाही, पोरी."

दीपमाला चपला काढून आत गेली.

डोणगावचा होकार त्याच दिवशी सकाळी नऊ वाजताच आला होता. फोन दीपमालानं घेतला होता, आणि आईला सांगितलं नव्हतं.