मेडिकल बुक

सेक्टर दोनच्या क्वार्टरमागे वांग्याच्या वाफ्यात घोणस चावली, तेव्हा कृष्णराव ओरडले नाहीत. घरात येऊन त्यांनी सरळ कपाट उपसायला घेतलं.

"मेडिकल बुक कुठं हाय?"

त्यांची टाच सुजून दुप्पट झाली होती. लेक म्हणाली, "बाबा, बसा. चाललात तर विष लवकर चढंल."

"बुकाबिगर कंपनीच्या दवाखान्यात कोन घेईन? बत्तीस वर्षं प्लांटात काढली, मले कायदा नको शिकवू, शैला." त्यांनी गादी उलटवली. "तुह्या आईले विचार, तिनंच ठेवलं असंन."

आईला जाऊन चार महिने झाले होते.

शेजारचा चंदन सुतळी घेऊन धावत आला. "अंकल, कसके बांध देता हूँ!"

शैलाने सुतळी हिसकावली. "बांधायचं नाही, कापायचं नाही. गाडी काढ!" मग ती बापावर ओरडली, "शटडाऊन!"

कृष्णराव जागीच थिजले. प्लांटात दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतल्यावर कोणी बंद यंत्राला हात लावला, तर ते त्याला मेमो देत. दोघांनी त्यांना खुर्चीसकट गाडीपर्यंत नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि लगेच सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी धोका टळला. तेव्हा कृष्णरावांनी शैलाला जवळ बोलावलं.

"कसा दवाखाना हाय हा? कागद न पाहताच मानूस वाचवून राहिले!"

शैला हसू लागली, आणि मग तिला थांबता येईना.