पिवळा दिवा

"थांबतोय!" म्हणत मी थ्रॉटल मागे ओढले. ब्रेक लागले, सगळं थरथरलं आणि धावपट्टी समोर थांबली. शेजारची को-पायलट माझ्याकडे बघतच राहिली.

ती धावपट्टी पडद्यावरची होती. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरची खोलीच. बायको गेल्यावर घेतलेली रजा संपली होती. ही परीक्षा पास झालो, तरच पुन्हा विमान हाती मिळणार होतं.

परीक्षक मागे बसला होता. माझ्याच बॅचचा; सगळे त्याला मास्तर म्हणतात.

"कशासाठी थांबलास रे बाबा?"

"दिवा लागला."

"कसला?"

मी नीट पाहिलं. पिवळा होता. एक पंप बंद पडला होता.

"अरे, दुसरा पंप आहे की! एवढ्या वेगात आग लागली, इंजिन गेलं, नाहीतर विमान उडणारच नसेल, तरच थांबायचं. उगाच थांबलास तर भरलेलं विमान पार कुंपणाबाहेर नेशील. पोरांना तूच शिकवतोस ना हे?"

शिकवत होतो. सुरुवातीला, वेग कमी असताना बारीकसारीक कशालाही थांबावं. वेग वाढला की बारीक दुखणं वर घेऊन जावं आणि तिथे निस्तरावं. निर्णयाचा वेग, म्हणजे ज्यापुढे थांबायला धावपट्टी पुरत नाही तो, आला की कॅप्टनने थ्रॉटलवरचा हात काढूनच घ्यायचा, म्हणजे थांबायचा मोह होत नाही.

"पुन्हा घेऊ," मास्तर म्हणाला.

पुन्हा धावलो. तो वेग यायच्या जरा आधी तोच दिवा लागला. दुसरा पंप आहे, हे आता मला ठाऊक होतं. तरी हात मागे आला.

मास्तरने को-पायलटला सांगितलं, "बाळ, जरा पाय मोकळे करून ये." ती गेल्यावर म्हणाला, "बारीकसा दिवा होता, शहाण्या."

"हिचा खोकलाही बारीकच होता. म्हणायची, अहो, काही नाही, तुम्ही जा कामावर. मी जायचो."

मास्तरने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"उद्या ये. उद्या जमेल तुला."

"इथे जमेलही. तिथे मागे माणसं बसलेली असतात."

"मग काय, घरी बसून भिंती बघणार?"

"बघेन. नापास लिही."

"लेका, उडणं सोडणं एवढं सोपं नसतं."

"माहीत आहे."

मी पट्टा सोडला. माझे पाय लांब, म्हणून माझी खुर्ची पार मागे असते. उठल्यावर ती पुढे सरकवून ठेवली, पुढच्या माणसाला सोयीची होईल अशी.