साडूची चार मिनिटं

साडूने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा मी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. पोटात दुखत होतं, पण तोंडाला काय जातंय? काचेची पेटी, आत निळेजांभळे दिवे, तीन पंखे. माझी पेटी पत्र्याची, नऊ वर्षांची, तिच्यावर वीजबिलं ठेवायची जागा.

आमचा दोघांचा धंदा एकच. इमारत बांधण्याआधी ती कशी दिसेल याची चित्रं आम्ही कॉम्प्युटरवर करून देतो. खिडकीतून उजेड कसा आत येतो आणि फरशीवर कुठे मावळतो, हे मी त्याला माझ्या शेजारी स्टूल टाकून शिकवलं होतं. आता त्या स्टुलाला काचेच्या पेटीची शिंगं फुटली होती.

"भावोजी, यांचं एक चित्र आता चार मिनिटांत होतं!" मेहुणी वाढता वाढता म्हणाली.

चित्र कुठलं, तर खुर्ची आणि खिडकी. सरावासाठी मीच दिलेलं. माझ्याकडे त्याला अकरा मिनिटं लागत.

"तुमच्याकडे किती लागतात हो, दादा?" साडूने विचारलं.

"लागतात थोडी जास्त," मी म्हणालो आणि पानात बघितलं.

परत येताना बायको एवढंच म्हणाली, "चार मिनिटं!" पुढचा आठवडाभर घरात दूध तापलं तरी मला चार मिनिटं ऐकू येत होती.

त्यातच आर्किटेक्ट बाईंचा फोन आला. एका शाळेची चाळीस चित्रं करायची होती, म्हणजे वर्षभराची निश्चिंती. "तुम्ही आणि तुमचे साडू, दोघंही शुक्रवारी एकेक चित्र द्या. हात दोघांचाही चांगला आहे, म्हणून वेगही बघणार आहे मी," त्या म्हणाल्या. वेग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर निळेजांभळे दिवे लागले.

नवं मशीन घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून मी जुन्यालाच पळवायचं ठरवलं. कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जोरात चालवता येतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे मी बुधवारी सकाळी वाचलं आणि दुपारी त्यातला जाणकार झालो. साडूला यातलं कळत होतं. पण त्याला विचारण्यापेक्षा मी कॉम्प्युटर पाण्यात बुडवला असता.

मशीन चालू होताना एक बटण दाबलं की सेटिंगचा पडदा येतो. तिथे एक आकडा होता, चौतीस. तो वाढवला की वेग वाढतो. मी छत्तीस केला. चित्र सव्वादहा मिनिटांत झालं! चाळीस केला, साडेनऊ. खुर्चीवर बसल्या बसल्या मी एकटाच हसलो. तापमान त्र्याऐंशीवर गेलं होतं. वाचलेल्या प्रत्येक पानावर लिहिलं होतं की एक पायरी चढा, तासभर तपासा, मग पुढची. शहाण्या माणसाने तिथेच थांबून चहा केला असता.

पण साडेनऊ कुठे आणि चार कुठे!

आकडा शेहेचाळीसवर नेला तर मशीन सुरूच होईना. मग व्होल्टेज वाढवलं. थोडं वाढवा म्हणून लिहिलं होतं, पण 'थोडं' म्हणजे किती हे कुणी धड सांगत नव्हतं, आणि मला तर साडूइतकं हवं होतं. शिवाय तापलं की मशीन आपणहून बंद पडायची जी सोय असते, तीही मी बंद करून टाकली. सारखी आड येत होती. मशीन सुरू झालं. चित्र निम्मं उमटलं. मग पंख्याने एकदाच जोरात सूर लावला, पडदा काळा झाला आणि वायर जळल्याचा वास आला. आतली बटणाएवढी बॅटरी काढून परत घातली, की सेटिंग मूळपदावर येतात म्हणे. सेटिंग आली असतील, मशीन काही आलं नाही. अति तिथे माती.

शाळेची फाईल पेन ड्राइव्हवर होती, तेवढी वाचली. गुरुवारी मी मान खाली घालून साडूकडे गेलो.

"ठेवून जा ना, दादा, मी काढून पाठवतो," तो दारातच म्हणाला.

"उजेड मला डोळ्यांनी बघायचाय," म्हणत मी आत शिरलो. मशीन नीट चाललंय ना हे बघायला आधी आपलं नेहमीचं खुर्चीचं चित्र लावलं. चार मिनिटं झाली. सहा झाली. साडू दाराची कडी उगाच वरखाली करत उभा होता. अकराव्या मिनिटाला खुर्ची पुरी झाली.

मी मशीनची माहिती उघडली. प्रोसेसर माझाच. म्हणजे तोच, नऊ वर्षांपूर्वीचा.

"नवी फक्त पेटी आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"मग चार कशाला सांगितलीस?"

"खरी अकरा सांगितली असती तर तुम्ही म्हणाला असता, सरक, तुझं सेटिंग चुकलंय, दाखव इकडे. जन्मभर तुमच्या शेजारच्या स्टुलावरच बसायचं का मी?" मग स्वयंपाकघराकडे बघून तो म्हणाला, "हिला माहीत नाही. घरात बोलू नका."

मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. ते दिवे अजूनही छान दिसत होते. मी शाळेचं चित्र काढलं आणि घरी आलो.

शनिवारी बाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होतो, म्हणून बायकोने तो स्पीकरवर टाकला. "चित्र तुमचं सरस आहे," बाई म्हणाल्या. "पण मला मुदत गाठायचीय. तुमचे साडू म्हणतात, त्यांचं चार मिनिटांत होतं. तुम्ही तर त्यांच्याच मशीनवर काम केलंत म्हणे. खरं आहे का हे?"

बायको माझ्याकडे बघत होती. खोलीच्या कोपऱ्यात माझी पेटी उघडी पडली होती. अकरा म्हटलं असतं, तर बायकोचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग आपलं मशीन तुम्ही कशासाठी जाळलंत?

"चार," मी म्हणालो. "मी घड्याळ लावून बघितलं."

"मग काम त्यांनाच देते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बायकोने सुस्कारा सोडला. "नशीबवान आहे हो माझी बहीण. चार मिनिटं!"

ती चार मिनिटं जगात कुठेच नाहीत, हे मला आणि साडूला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ऐकून पोटात पुन्हा तस्संच दुखलं.